मुक्या रुळांवरचे इंजिन

बागेत मांडलेल्या ४५ मिलिमीटर रुंदीच्या लोहमार्गावरून एक छोटे इंजिन चार डबे ओढत जाते. रूळ पितळेचे आहेत, पण त्यांना एकही तार जोडलेली नाही. रात्रीच्या पावसाने ते ओले आहेत, एका वळणावर कुजकी पाने पडली आहेत, तरी इंजिन अडखळत नाही. चालवणारा दहा पावलांवर उभा राहून हातातल्या पेटीवरचे चाक फिरवतो आणि त्याप्रमाणे गाडीचा वेग कमी-जास्त होतो. इंजिनाचे छत उचलले तर आत फार काही दिसत नाही. लिथियमच्या तीन घटांचा संच, एक फ्यूज, एक बटण, बिनतारी संदेश टिपणारा ग्राही, मोटरला हवी तेवढीच वीज देणारे एक सर्किट आणि स्वतः मोटर, एवढाच ऐवज.

हौशी मंडळी या मांडणीला ‘डेड रेल’ म्हणतात. मराठीत ‘मुके रूळ’ म्हणणे अधिक शोभेल. हे रूळ काही मेलेले नसतात, गाडीचा सारा भार तेच वाहतात. फक्त त्यांतून वीज जात नाही आणि आज्ञाही जात नाही. खेळण्यातल्या आगगाडीच्या इतिहासात ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. विसाव्या शतकात बहुतेक विजेच्या खेळण्यांत रूळ हीच विजेची तार होती आणि तीच आज्ञेचीही वाट होती. या दोन कामांची फारकत व्हायला जो काळ गेला, त्यात एकोणिसाव्या शतकातील एक लोहार, मँचेस्टरचा एक तरुण प्रयोगकर्ता, कलकत्त्यातील एक प्राध्यापक आणि हॉलिवूडची एक अभिनेत्री अशी माणसे भेटतात. त्यांच्यापैकी कोणालाही खेळण्यातल्या गाडीची फारशी पर्वा नव्हती. अपवाद फक्त त्या लोहाराचा.

तो लोहार म्हणजे अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या ब्रँडन गावचा थॉमस डॅव्हनपोर्ट. क्राउन पॉइंट येथील लोखंडाच्या कारखान्यात खनिज वेगळे काढण्यासाठी विद्युतचुंबक वापरला जात असे. तो पाहून डॅव्हनपोर्ट इतका भारला की १८३३ मध्ये त्याने एक विद्युतचुंबक विकतच घेतला. त्याची गुंडाळी उलगडून त्याने ती समजून घेतली आणि पुढच्याच वर्षी फिरणारे यंत्र तयार केले. तारेभोवती गुंडाळण्यासाठी त्याच्या पत्नीने, एमिलीने, आपल्या लग्नाच्या रेशमी पोशाखाच्या पट्ट्या फाडून दिल्या असे सांगतात. १८३५ मध्ये त्याने आपल्या मोटरवर चालणारी एक लहान गाडी छोट्या लोहमार्गावर धावून दाखवली. विजेची पहिली रेल्वे म्हणून ज्यांची नावे घेतली जातात, त्यांत ही चिमुकली प्रतिकृती अगदी आरंभी येते. २५ फेब्रुवारी १८३७ रोजी त्याला या मोटरचे अमेरिकी पेटंट मिळाले, क्रमांक १३२. विजेचा उगम अर्थातच बॅटरी होता, कारण त्या काळी दुसरा व्यवहार्य उगम उपलब्ध नव्हता. म्हणजे बॅटरीवरचे इंजिन ही आजची नवलाई नसून विद्युत रेल्वेचा आरंभच तिथे आहे.

मग ती कल्पना मागे का पडली? याचे उत्तर कोणाच्या अरसिकतेत नाही, एका आकड्यात आहे. १८४१ मध्ये जेम्स प्रेस्कॉट जूल हा अवघा बावीस वर्षांचा तरुण मँचेस्टरमध्ये व्याख्यान देत होता. त्याने आपल्या विद्युतचुंबकीय यंत्राचा हिशेब मांडला. बॅटरीत एक पौंड जस्त खर्ची पडले की जास्तीत जास्त सुमारे ३,३१,४०० पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम मिळते. कॉर्नवॉलच्या उत्तम वाफेच्या यंत्रात मात्र एक पौंड कोळसा जाळला की १५,००,००० पौंड वजन तेवढेच उचलले जाते. म्हणजे कोळसा जवळजवळ पाचपट सरस, आणि जस्ताची किंमत कोळशाहून कितीतरी अधिक. जूल स्वतः विद्युतयंत्रांचा भक्त होता. याच हिशेबाने तो निराश झाला. पण त्या निराशेतूनच काम आणि उष्णता यांच्या नात्याचे त्याचे पुढचे प्रयोग उभे राहिले, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

ॲबर्डीनच्या रॉबर्ट डेव्हिडसनने तरीही हट्ट सोडला नाही. सप्टेंबर १८४२ मध्ये एडिंबरो–ग्लासगो लोहमार्गावर त्याचे सुमारे सात टनांचे ‘गॅल्व्हानी’ इंजिन चालले. सहा टनांचा भार घेऊन ते ताशी चार मैलांच्या गतीने, म्हणजे माणसाच्या चालीने, दीड मैल गेले. इंजिनाचे बरेचसे वजन घटांचेच होते. आपली नोकरी जाईल या भीतीने वाफेच्या इंजिनांवरील कामगारांनी ते मोडून टाकले, अशी कथा प्रसिद्ध आहे. ती खरी मानली तरी हातोडे पडण्याच्या एक वर्ष आधीच जूलच्या आकड्यांनी त्या इंजिनाचा निकाल लावला होता. वापरलेले जस्त परत भरता येत नव्हते. प्रत्येक फेरीनंतर नवे जस्त लागे.

उपाय निघाला तो वीज गाडीबाहेर ठेवण्याचा. ३१ मे १८७९ रोजी बर्लिनच्या प्रदर्शनात वेर्नर फॉन सीमेन्सच्या कंपनीने ३०० मीटरच्या वर्तुळाकार मार्गावर एक बुटके इंजिन चालवले. वीज दूरच्या जनित्रातून येई आणि दोन रुळांच्या मधोमध बसवलेल्या तिसऱ्या पट्टीतून सुमारे १५० व्होल्टच्या दाबाने इंजिनाला मिळे. इंधन, बॉयलर, घट, सारे गाडीवरून उतरले आणि इंजिन हलके झाले. दोनच वर्षांनी बर्लिनजवळ लिश्टरफेल्डे येथे सीमेन्सची विद्युत ट्राम धावू लागली, तेव्हा वीज थेट दोन रुळांतूनच दिलेली होती. चौरस्त्यावर रूळ ओलांडणाऱ्या घोड्यांना आणि माणसांना झटके बसू लागले, तेव्हा कुठे तार डोक्यावर नेण्याचा विचार पक्का झाला. भारतात ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विद्युत गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या अशा डोक्यावरच्या तारेखालीच. तिथेही परतीची वीज रुळांतूनच जाते.

मोठ्या रेल्वेने जे धोक्याचे म्हणून टाकले, ते खेळण्यांनी उचलले. सुरुवातीच्या विजेच्या खेळण्यांना रुळाशेजारी ठेवलेली बॅटरी लागे. काचेच्या बरणीतले आम्ल मुलांच्या खोलीत ठेवावे लागे. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायोनेल काउएनने १९०० च्या सुमारास दुकानाच्या काचेत मांडण्यासाठी जी छोटी गाडी केली, तीही बॅटरीच्याच विजेवर होती. घरोघरी वीज आल्यावर वीज कमी दाबावर आणणारे ट्रान्सफॉर्मर आले आणि बॅटरी अडगळीत गेली.

पुढे जी १२ व्होल्टची दोन रुळांची पद्धत रूढ झाली, तिचा साधेपणा मोहक आहे. एक रूळ धन, दुसरा ऋण. दाब वाढवला की वेग वाढतो, ध्रुव उलटवले की गाडी मागे जाते. ऊर्जा आणि आज्ञा यांत भेदच उरत नाही. विजेचा दाब हीच आज्ञा. संकेतही ठरलेला : उजवा रूळ धन असेल तर गाडी पुढे. शाळेत विद्युतमंडल शिकवायला याहून सुरेख साधन शोधूनही सापडणार नाही.

पण या मोहक साधेपणात दोन खोड्या होत्या. पहिली भूमितीची. मार्गाने एक फेर घेऊन स्वतःलाच परत येऊन मिळायचे ठरवले की डावा रूळ उजव्याला भिडतो, धन आणि ऋण थेट जोडले जातात आणि मंडल लघुपथित होते. त्यासाठी रूळ कापून वेगळे भाग करावे लागतात आणि गाडी त्या भागात असतानाच ध्रुव उलटवावे लागतात. शिवाय एका मार्गावर दोन इंजिने असली की दोन्ही एकच आज्ञा पाळतात. एकाला थांबवून दुसऱ्याला पुढे काढायचे तर मार्गाचे तुकडे, त्यांचे स्विच आणि मांडणीखाली तारांचे जंगल!

दुसरी खोडी अधिक हट्टी होती, ती स्पर्शाची. चाक आणि रूळ एकमेकांना अगदी बारीक ठिपक्याएवढ्या जागेत टेकतात. तेथे ऑक्साइडचा पातळ थर, तेलाचा अंश किंवा धूळ आली की वाट अडते. त्या क्षणी उडणारी ठिणगी काळा थर आणखी वाढवते. खऱ्या इंजिनाचे शंभर टन वजन असले थर चिरडून टाकते. टेबलावरच्या इंजिनाचे वजन काही शे ग्रॅम. ते कुठून चिरडणार? पुण्यात १९९८ पासून जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहायला मिळते. तसल्या बंदिस्त सभागृहात रूळ पुसून लख्ख ठेवता येतात आणि तेथे रुळांतली वीज ही गैरसोय ठरत नाही. १९६८ मध्ये जर्मनीतील एका कारखान्याने ४५ मिलिमीटर रुंदीच्या बागेतल्या गाड्या बाजारात आणल्या, तेव्हा रूळ उघड्यावर गेले. दव, चिखल, गोगलगायी आणि पाने यांच्यापुढे रूळ पुसण्याचा फडका किती दिवस पुरणार?

आज्ञेचा प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न आधी झाले, आणि तेही रुळांतूनच. १९४६ मध्ये लायोनेलने एक महागडा संच काढला. त्याच्या पेटीवरचे रंगीत बटण दाबले की ठरावीक वारंवारतेची लहर रुळांत सोडली जाई आणि त्या वारंवारतेला जुळवलेला डबाच तेवढा प्रतिसाद देई. संच खपला नाही. काही वर्षांतच बंद पडला. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर हा त्या वेळचा नवा अर्धवाहक स्विच वापरून रुळांवरून पाच इंजिने स्वतंत्रपणे चालवण्याची पद्धत आणली. तीही टिकली नाही. टिकली ती जर्मनीच्या बेर्न्ड लेन्झ यांच्या कामातून उभी राहिलेली आणि १९९० च्या दशकात प्रमाण ठरलेली अंकीय पद्धत. तिच्यात रुळांवरचा दाब सतत उलटसुलट होत राहतो. प्रत्येक अर्ध ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर तो ‘१’, किमान १०० मायक्रोसेकंदांचे असेल तर ‘०’. अशा अंकांतून प्रत्येक इंजिनाला त्याच्या पत्त्यावर निरोप पोचतो. आज जगभरातील असंख्य मांडण्या याच पद्धतीवर चालतात आणि तिची हुशारी वादातीत आहे.

तरी स्पर्शाची खोडी गेली नाहीच, उलट वाढली. पूर्वी क्षणभर स्पर्श तुटला तर गाडीला हलकासा हिसका बसे. आता वीज आणि निरोप दोन्ही एकदम तुटतात, आतला छोटा संगणक मूर्च्छित पडतो आणि आवाज, दिवे, गती सारे पहिल्यापासून सुरू होते. म्हणून इंजिनात कपॅसिटर बसवू लागले. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १५ व्होल्टपर्यंत भरला तर त्यात सुमारे ०.११ ज्यूल ऊर्जा मावते. तीन वॉटच्या इंजिनाला ती ४० मिलिसेकंदही पुरत नाही, पण रुळावरचा डाग ओलांडायला कधीकधी तेवढे बस होते. नीट पाहिले तर हा कपॅसिटर म्हणजे क्षणभराची बॅटरीच. रुळांच्या पद्धतीने आपल्या पोटात बॅटरीला जागा देऊन हार अर्धी कबूल केली होती, असे म्हणता येईल. अंगठ्याएवढ्या जाडीच्या एका लिथियम घटात (३.७ व्होल्ट, २.६ अँपिअर-तास) सुमारे ३४,६०० ज्यूल मावतात, म्हणजे त्या कपॅसिटरच्या तीन लाखपट.

बॅटरी गाडीत बसवली तरी आज्ञा कशी पोचवायची? या प्रश्नाचे तत्त्वतः उत्तर १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात मिळाले होते. प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र बसू यांनी जाहीर प्रयोगात विद्युतचुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवल्या, पलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडवला. बसूंचे नाव घेताना रेडिओच्या श्रेयाचा वाद हटकून निघतो. मार्कोनी आधी की बसू, यावर आजही पाने खर्ची पडतात. त्या वादात या प्रयोगाचे एक मर्म झाकून जाते. घंटा वाजवण्याची ऊर्जा लहरीतून आली नव्हती. लहर ग्राहीवर पडली की त्याचा विद्युतरोध बदले, मंडल पूर्ण होई आणि तेथेच ठेवलेल्या बॅटरीतून घंटेला वीज मिळे. लहर फक्त आज्ञा घेऊन आली होती. ऊर्जा स्थानिक, आज्ञा दूरची. बागेतल्या त्या इंजिनाची आतली जोडणी तंतोतंत हीच आहे.

हा भेद किती मोठा आहे हे आकड्यांत पाहावे. २.४ गिगाहर्ट्‌झचा, एक दशांश वॉटचा प्रेषक दहा मीटरवर असेल तर मोकळ्या जागेत साध्या अँटेनाला जेमतेम एक कोट्यंश वॉट शक्ती मिळते. इंजिनाची मोटर घेते दहा वॉट. आज्ञा आणि ऊर्जा यांत दहा कोटींचे अंतर आहे. लहरीने इंजिन ओढायचे ठरवले असते तर तो वेडेपणा ठरला असता. लहरीने फक्त दार उघडायचे, ओढायचे काम बॅटरीने करायचे.

१८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छोटी बोट पाण्यावर दुरून चालवून दाखवली. बोटीत बॅटरी, मोटर, सुकाणू, दिवे आणि धातूच्या कणांनी भरलेला ग्राही होता. त्या वर्षीच्या ८ नोव्हेंबरला मिळालेले त्याचे पेटंट, क्रमांक ६,१३,८०९, वाचले तर आजच्या बिनतारी खेळण्यांचा आराखडा समोर येतो. स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदोने एक पाऊल पुढे टाकले. त्याच्या ‘तेलेकिनो’ यंत्रात किती स्पंद आले ते मोजले जाई आणि तितक्या घरांनी एक स्विच पुढे सरके. स्पंदांची संख्या हाच शब्द. १९०४ मध्ये त्याने बॅटरीवरची तीनचाकी गाडी अशा रीतीने दुरून हाकली आणि १९०६ मध्ये बिल्बाओ येथे राजासमोर बोट चालवली. अंकांतून आज्ञा देण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, ती अशी.

मग खेळण्यातल्या इंजिनाला आणखी इतकी वर्षे का थांबावे लागले? आकारामुळे. १९३७ च्या सुमारास अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी बिनतारी विमान उडवले, तेव्हा निर्वात नळ्यांचा ग्राही आणि त्याच्या बॅटऱ्या यांचे ओझे पेलायला विमानच मोठे करावे लागले. त्यातला वॉल्टर पुढे भौतिकशास्त्राचा डॉक्टर झाला. ट्रान्झिस्टर आल्यावर ग्राही तळहातावर मावू लागला. १९६० च्या दशकात आज्ञा स्पंदाच्या रुंदीत लिहिली जाऊ लागली. एक मिलिसेकंद म्हणजे एक टोक, दोन म्हणजे दुसरे, दीड म्हणजे मधली जागा. ही रीत आजही चालू आहे.

तरीही दोन अडचणी राहिल्या. एक तरंगलांबीची. २७ मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ११ मीटर लांब असते. तिच्या चतुर्थांशाची अँटेना पावणेतीन मीटर होते. ती हातभर इंजिनात कोठे घालणार? गुंडाळून आखूड केली तर संदेश क्षीण होतो, आणि पितळी कवचात कोंडली तर कवचच लहर अडवते. दुसरी अडचण मोटरची. मोटरच्या ब्रशवर सतत ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी चहूकडे रेडिओलहरी फेकते. १८८७ मध्ये हाइनरिश हर्ट्‌झने लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. बसूंचा प्रेषकही ठिणगीचाच. ज्या ठिणगीने रेडिओ जन्माला घातला, तीच आता ग्राहीच्या कानाशी बसून कोलाहल करू लागली! मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावण्याची हौशी मंडळींची शिस्त याच कारणाने आली. त्यांतून ठिणगीचा उच्च वारंवारतेचा भाग तिथल्या तिथे जिरतो.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याने दोन्ही अडचणी बऱ्याच सौम्य केल्या. येथे तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर आणि चतुर्थांश अँटेना तीन सेंटिमीटरची. चालकाच्या खोलीत, प्लास्टिकच्या छताखाली, सहज मावते. ठिणगीचा कोलाहल इतक्या वर कमी पोचतो. वायफाय, ब्लूटूथ आणि शेजाऱ्याचे खेळणे एकाच पट्ट्यात असले तरी प्रेषक आणि ग्राही मिळून सतत वारंवारता बदलत राहतात, त्यामुळे टक्कर क्षणिक ठरते. या उड्यांच्या कल्पनेचे एक गाजलेले पेटंट ११ ऑगस्ट १९४२ चे आहे. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी पाणतीराला दिलेली बिनतारी आज्ञा शत्रूने बिघडवू नये म्हणून ८८ वारंवारतांवर उड्या मारण्याची योजना मांडली होती. पियानोलाही पट्ट्या ८८ असतात, हा योगायोग नव्हे.

भारतात या साऱ्याला कायद्याचीही एक बाजू होती. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी उपकरण नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले होते. ज्या देशात बसूंनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली, तेथील विद्यार्थ्याला तोच प्रयोग घरी करायचा तर परवान्याचा प्रश्न येई. २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. वायफायच्या सोयीसाठी घेतलेल्या या निर्णयाने शाळकरी यंत्रमानवांपासून बागेतल्या इंजिनांपर्यंत अनेकांना वाट मोकळी झाली, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही.

बॅटरीची वाट अधिक लांबची. १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँतेने शिशाचा पुन्हा भरता येणारा घट केला आणि जूलची मुख्य तक्रार दूर झाली. जस्त फेकून देण्याची गरज संपली. पण शिसे जड. किलोमागे तीस-चाळीस वॉट-तास इतकीच त्याची झेप. निकेल-कॅडमियम, मग निकेल-मेटल-हायड्राइड असे करत १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन घट विक्रीस आणले आणि पुढील काळात हा आकडा दीडशेच्या पुढे गेला. त्यामागील कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे नोबेल मिळाले. ११.१ व्होल्टचा आणि २.६ अँपिअर-तासांचा संच सुमारे २९ वॉट-तास देतो, म्हणजे दहा वॉटचे इंजिन जवळजवळ तीन तास चालते.

याच कहाणीत भारतीय नावे येतात आणि ती बातम्यांत क्वचितच दिसतात. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या ज्या शोधनिबंधाने लिथियम लोह फॉस्फेट हे धनाग्राचे द्रव्य पुढे आणले, त्याचे पहिले लेखक अक्षय पाधी, दुसरे के. एस. नंजुंडस्वामी आणि तिसरे गुडइनफ. कोबाल्टयुक्त घट अति तापला तर त्याच्या धनाग्रातून ऑक्सिजन सुटतो आणि आग स्वतःच भडकत राहते. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून तो सहज सुटत नाही. बदल्यात ऊर्जा थोडी कमी मावते. बागेतल्या मोठ्या इंजिनांत, जेथे जागा आहे पण आजूबाजूला मुले आहेत, तेथे ३.२ व्होल्टचे असे चार घट जोडून १२.८ व्होल्टचा संच करणे हा शहाणपणाचा सौदा ठरतो.

जोडणीत चुका होतात त्या बहुधा ऊर्जा आणि आज्ञा पुन्हा नकळत एकत्र केल्याने. जुन्या पद्धतीत मोटर आणि ग्राही एकाच ४.८ व्होल्टच्या संचावर असत. संचाचा अंतर्गत रोध ०.३ ओहम धरावा. चढावर चाक अडकले आणि मोटरने सहा अँपिअर ओढले की संचातच १.८ व्होल्ट खर्ची पडतात आणि ग्राहीला उरतात तीन. ग्राही बेशुद्ध होतो, मोटर थांबते, प्रवाह थांबताच दाब पुन्हा चढतो, ग्राही जागा होतो, मोटर सुरू होते आणि पुन्हा तेच. गाडी उचक्या देत राहते आणि चालवणारा विनाकारण अँटेना तपासत बसतो. उपाय म्हणजे संचाचा दाब पुरेसा वर ठेवायचा आणि ग्राहीला वेगळ्या नियामकातून स्थिर पाच व्होल्ट द्यायचे. फ्यूज संचाच्या धन टोकाला शक्य तितका लगटून हवा. पुढे कोठेही तार घासून लघुपथ झाला तरी तो वाटेतच तुटेल. लिथियमचा प्रत्येक घट ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही, आणि निकेल घटांचा चार्जर त्याला कधीही लावायचा नाही.

एक प्रश्न मात्र रुळांच्या पद्धतीत कधी पडलाच नव्हता. तेथे वीज गेली की गाडी थांबे. बॅटरीच्या इंजिनाला आज्ञा मिळेनाशी झाली तरी ऊर्जा संपलेली नसते. संदेश तुटताना जो वेग होता, त्याच वेगाने ते पुढे जाऊ शकते. म्हणून चांगल्या ग्राहीत आधीच ठरवून ठेवलेले असते की ठरावीक वेळ संदेश आला नाही तर मोटर बंद. मोठ्या रेल्वेतही हा विचार टळत नाही. दोन-तीन मालगाड्या जोडून केलेल्या लांबलचक गाडीत मधल्या इंजिनांना पुढच्या इंजिनातून बिनतारी आज्ञा देण्याची प्रणाली भारतीय रेल्वेने काही विद्युत इंजिनांत बसवली आहे. बोगद्यात किंवा वळणावर संदेश तुटला तर मधले इंजिन काय करील, हे तेथेही गाडी सुटण्याआधी ठरलेले असावे लागते, कारण तेव्हा भार काही हजार टनांचा असतो.

२०२० मध्ये पश्चिम मध्य रेल्वेच्या जबलपूर विभागाने ‘नवदूत’ नावाचे शंटिंग इंजिन तयार केले. डोक्यावर तार असेल तेथे ते तारेतून वीज घेते. तार नसलेल्या बाजूच्या रुळांवर आजवर डिझेल इंजिन न्यावे लागे. तेथे हे इंजिन आपल्याच बॅटरीवर डबे ढकलते.